चकचकीत विहीर

संपत गेला तो गेल्या नवरात्रात, अष्टमीला, भर दुपारी. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका शेडात, दुधासाठी बनवलेल्या स्टीलच्या नव्याकोऱ्या टाकीत. तो उपवासानं गेला नाही. हे आधीच लिहून टाकते, कारण कन्हेरीपासून त्याच्या डाळज गावापर्यंत वर्षभर सगळे तेच म्हणत आलेत. उपवासाचा माणूस, चक्कर आली, आतच पडला, काय करणार. आणि त्याची बायको मंगल, जिच्या सांगण्यावरून त्यानं नऊ दिवस धरले होते, ती हे ऐकून ऐकून मान खाली घालून जगायला शिकली. म्हणजे अन्याय दोघांवर झाला. त्याचा जीव गेला, आणि तो तिनं घेतला असं ठरवून लोक मोकळे झाले.

नवरात्र परत आलंय. सकाळी गारवा असतो, दहा वाजले की ऊन चावायला लागतं. झेंडूचे टेम्पो पुण्याकडं निघालेत. ऊस माणसाच्या वर गेलाय आणि हंगाम तोंडावर आल्यानं इंदापूरच्या रस्त्याला जागोजागी ट्रॉल्या उताण्या पाडून त्यांची डागडुजी चाललीय. त्यामुळं भर उन्हातसुद्धा रस्त्याच्या कडेला वेल्डिंगचं निळं लख्खन उजळतं. गाडीवरचे लोक मान वळवतात. डोळ्यांना त्रास होतो म्हणून. मीही वळवते, आणि वळवलेल्या बाजूला नेमकी, तिथं नसलेली ती टाकी दिसते. उभी, गोल, आरशासारखी. तिच्यात माझंच तोंड वाकडं होऊन दिसतं.

ट्रॉलीचं वेल्डिंग वेगळं, मी शिकत होते ते वेगळं. ट्रॉलीला ठिणग्या उडतात, धूर होतो, खडखडाट असतो. टिग वेल्डिंगला यातलं काही नाही. एका हातात टॉर्च, तिच्या टोकाला टंगस्टनची सुई. सुईतून निघालेल्या ज्योतीनं पत्रा वितळवायचा आणि दुसऱ्या हातानं त्या वितळलेल्या थेंबात स्टीलची बारीक कांडी हळूहळू सोडत राहायचं. थेंबाला हवा लागली तर तो करपतो, म्हणून टॉर्चमधून सारखा आर्गॉन गॅस वाहत असतो. आवाज म्हणाल तर नुसता सुस्कारा. संपत सांगायचा, "एका हातानं शेवया वळायच्या आन दुसऱ्या हातानं पोराच्या डोळ्यात काजळ घालायचं. पोरगं हललं न्हाय पायजे आन शेवई तुटली न्हाय पायजे."

त्याआधी मी पत्रकं लिहीत होते. पाण्याच्या पाळीवर, रस्त्यावर, बंद पडलेल्या एसटीवर. आई म्हणायची, तुझ्या हाताला शाईशिवाय काही लागत नाही. तिचं तोंड बंद करायला म्हणून मी शेडात गेले. पहिल्या दिवशी संपतनं मला खालून वर बघितलं. रुंद छातीचा, मिशीला रोज तेल लावणारा माणूस. आवाज असा की शेडाबाहेरचा चहावालाही त्याची ऑर्डर बसल्या जागी ऐकायचा.

"तुमीच का त्या पत्रकवाल्या बाई?"

"हो."

"मग आदी त्वांड बंद. हितं घोषणा देऊन पत्रा जुळत न्हाय."

मी म्हटलं, "जुळला असता तर तुम्ही सगळ्यात मोठे वेल्डर झाला असता." शेड हसला. संपत सगळ्यात जोरात हसला. त्या दिवसापासून त्यानं मला शिकवायचं मनावर घेतलं.

शिकणं म्हणजे काय, तर सुई बुडवणं. हात इवलासा खाली गेला की सुई वितळलेल्या थेंबात शिरते, टोकाला गोळा धरतो आणि ज्योत वेडीवाकडी नाचायला लागते. "बुडाली!" संपत न बघता ओरडायचा. आवाजावरून कळायचं त्याला. मग उठा, ग्राइंडरवर सुई घासा, टोक काढा, परत बसा. परत बुडवा. "बाई, तुमी वेल्डर न्हाय हुणार, धार लावणाऱ्या हुणार. गावोगाव हिंडा, कात्र्यांला धार!" घरी आले की डोळ्यांत वाळू ओतल्यासारखं व्हायचं. आई डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवायची आणि अंधारात मला तो थेंब दिसत राहायचा. पापणीच्या आत. पिवळा, कडेनं थरथरणारा.

एक गोष्ट त्यानं मला शिव्या देऊन शिकवली. ज्योत बंद केली तरी टॉर्च उचलायची नाही. गॅस अजून थोडा वेळ वाहत असतो, वेल्डचं तापलेलं टोक निवेपर्यंत तो त्याला पांघरून असतो. मला घाई. मी झटकन हात उचलायचे आणि शेवटचा ठिपका काळा पडायचा. "का पळताय? का पळताय तुमी? एसटी चुकतीय का? तापल्यालं एकटं सोडून जायचं न्हाय. निवस्तवर हात हलवायचा न्हाय." हे वाक्य माझ्या हातात बसलंय. अजूनही चहाचं पातेलं उतरवून झाल्यावर माझा हात उगाच तिथं थांबतो.

आर्गॉनला तो गाय म्हणायचा. "ह्यो ग्यास म्हंजी गाय हाय. जळत न्हाय, फुटत न्हाय, वास न्हाय, कुनाला शिंग मारत न्हाय." सिलिंडरला थाप मारून जायचा, गाईच्या पाठीवर मारतात तशी. आम्ही सगळेच तसं समजत होतो. घरच्या स्वयंपाकाच्या गॅसला आम्ही घाबरायचो. ह्याला कशाला घाबरायचं? भीती वाटावी असं त्यात काहीच नव्हतं. हवेसारखाच तर होता.

टाकीचं काम निघालं की संपतला उधाण यायचं. टाकीच्या माथ्यावर माणूस उतरेल एवढं तोंड असतं. त्यातून आत उतरला की पहिली हाक तो स्वतःलाच मारायचा. "संपत राऽऽव!" आणि टाकी घुमून घुमून म्हणायची, राव, राव, राव. मग तोंडातून डोकं बाहेर काढून आम्हाला म्हणायचा, "बघा. टाकी मला राव म्हंती. तुमी कवा म्हणणार, भाडखावांनो?"

चहाच्या सुट्टीत एकदा त्यानं वडिलांची गोष्ट सांगितली होती. वडिलांना डाळजमध्ये सगळे तात्या म्हणतात. विहिरींचा गाळ काढायची कामं घेण्यात त्यांचं आयुष्य गेलं. "आमचा म्हातारा कंदील सोडल्याबिगर कुठल्या हिरीत उतरला न्हाय. जुनी हीर आसली की खाली हवा मेल्याली आसती. दोरीला कंदील बांधून सोडायचा. तळापातूर जळत ऱ्हायला तर माणूस खाली. इजला, तर घरी जाऊन झोपायचं. मालक किती का बोंबलंना." हे सांगताना तो एका टाकीला पाठ टेकून बसला होता. हातात बशी. मी त्याच्या समोर. टाकीत आम्ही दोघंही वाकडेतिकडे दिसत होतो.

हे चित्र मला सोडत नाही. ज्याला विहिरीची हवा कळत होती, तो तिलाच पाठ लावून चहा पीत होता. आमच्याकडं लहान पोरालाही ठाऊक असतं की बंद विहिरीत डोकावायचं नाही. पण विहीर म्हणजे आम्हाला काळोख लागतो, शेवाळ लागतं, पारव्यांची फडफड लागते. ही स्टीलची होती. नवीन होती. आत हात घातला तर तळवा सुद्धा मळत नव्हता.

अष्टमीच्या सकाळी घाई होती. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी, हत्यारांची पूजा करून टाकी रवाना करायची असं शेठनं ठरवलेलं. शेवटचा मोठा सांधा बाहेरून जोडायचा राहिला होता. असा सांधा जोडताना पत्र्याची मागची बाजूही तापते, आणि तिला हवा लागली की ती करपून खरबरीत होते. करपलेल्या गुळाच्या काकवीला जशी खडी धरते ना, तशी. शेडातले त्याला "मागं गूळ पडला" म्हणतात. गूळ पडलेल्या खाचेत दूध अडकून नासतं, म्हणून गिऱ्हाईक टाकी परत पाठवतं. तो पडू नये म्हणून आतही आर्गॉन सोडतात. तसा तो सोडला. खालच्या नळीतून पाइप घातला, वरचं तोंड पुठ्ठा लावून बंद केलं आणि सकाळभर टाकी गॅसनं भरत राहिली. सांधा सुंदर झाला. सोनेरी, कडेला जरा निळसर. संपतनं मला बोलावून दाखवला. "बघून घ्या. असा जमला की म्या तुमाला वेल्डर म्हणीन."

"आणि पार्टी कुणी द्यायची?"

"तुमी. दसरा झाला की भिगवणला जाऊ, मासं खाऊ. आज मला मासं म्हणू नका, मंगलनं नऊ दिस धरायला लावल्यात. भगर खाऊन खाऊन म्या चिमणी झालोय."

मग त्यानं पाइप काढला, पुठ्ठा काढला. "गूळ पडलाय का बघतो," म्हणाला, आणि बॅटरी घेऊन आत उतरला.

मी माझ्या टेबलाशी येऊन बसले. कान त्या हाकेकडं होते. सगळ्यांचेच असणार, इतकी ती सवयीची होती. हाक आली नाही. कुणीतरी मागून म्हणालं, "उपासानं आवाज बसला रावाचा." चारजण हसले.

तीच ती चेष्टा. तोपर्यंत कुणाला काही झालंय हे ठाऊकही नव्हतं. आणि संध्याकाळपर्यंत त्याच चेष्टेचं कारण झालं होतं. मी माझ्या कानांनी ऐकलं, शेठ फोनवर बोलत होते, "उपास होता हो त्याला, कडक उपास, चक्कर येऊन पडला." मधल्या वेळात जे झालं ते थोडक्यात सांगते. बराच वेळ आतून काहीच आवाज येईना म्हणून एकानं तोंडातून वाकून हात घातला आणि तो डोकं धरून मागं बसला. मग कूलरचा पंखा उचलून आणला, तोंडाशी लावला, तेव्हा कुठं दोर लावून संपतला वर काढता आलं. अंगावर खरचटलेलं नव्हतं. मिशी तशीच, तेल लावलेली. आर्गॉन अंगावर काही खूण ठेवत नाही. वास ठेवत नाही. मग लोक आपल्याला जे दिसतं ते धरतात, आणि उपास सगळ्यांनी बघितलेला होता.

दुसऱ्या दिवशी शेडात पूजा झाली. मुहूर्त मोडायचा नसतो, शेठ म्हणाले. ग्राइंडरला हळदकुंकू, सिलिंडरला हळदकुंकू, संपतच्या टॉर्चला हळदकुंकू. टाकीला झेंडूचा हार घातला, नारळ फोडला आणि ती ट्रकवर चढली. मी दारात उभी होते. ट्रक वळताना तिच्यात सगळा शेड दिसला. शेठ, नारळाची टरफलं, मी. मग रस्ता दिसला, मग ऊस.

ती टाकी आता कुठल्या गावात आहे मला माहीत नाही. दूध असणार तिच्यात. रोज सकाळी असणार. चहा समोर आला की कधी कधी पहिला घोट खाली उतरत नाही. कानाशी राव, राव असं घुमतं. हा वेडेपणा आहे असं म्हणणाऱ्यांनी म्हणावं. एक माणूस मारून वस्तू हार घालून बाजारात जाते, तो शहाणपणा असेल तर मला हा वेडेपणा पुरेसा आहे.

मी शेडात परत गेले नाही. पण शोधत राहिले. जाणकारांना विचारलं, वाचलं. कळलं ते एका ओळीचं होतं. आर्गॉन हवेपेक्षा जड. भांड्यात पाणी साठतं तसा तळाला साठतो, वरचं तोंड उघडलं म्हणून निघून जात नाही. त्यात उतरलेल्या माणसाला गुदमरल्यासारखंसुद्धा वाटत नाही. तो श्वास घेतो, पण त्या श्वासात काहीच नसतं. दोनचार श्वासांतच भान जातं. पोट भरलेलं असो नाहीतर रिकामं.

मी पत्रक काढलं. भिगवणच्या स्टँडवर वाटलं. लोकांनी घेतलं, वरची ओळ वाचली आणि त्यावर भजी ठेवली. डाळजला जाऊन मंगलच्या हातात दिलं. तिनं घडी केली, परत दिलं.

"तुमी शिकल्याल्या. तुमी आसंच लिवणार. पर त्यांला उपास म्या धरायला लावला, ह्ये खोटं हाय का?"

पत्रक पिशवीत घातलं. मी परत आले. माझी आजवरची सगळी पत्रकं मला त्या दिवशी करपलेल्या ठिपक्यासारखी वाटली.

यंदा दुसऱ्या माळेला मी पुन्हा डाळजला गेले. ओळखीच्याच्या पिकअपमध्ये आर्गॉनचा लहान सिलिंडर घालून. मंगलच्या घरी यंदा घट बसवलेला नव्हता, वर्ष पुरं व्हायचं होतं. कोनाड्यात एक समई तेवढी तेवत होती. तात्या ओसरीवर बसलेले. थकलेत, पण खांदे अजून रुंद आहेत. संपतचे खांदे तिथून आले होते. मी अंगणात त्यांचं पाण्याचं स्टीलचं पिंप मागून घेतलं, पालथं करून कोरडं केलं, तळाशी पाइप सोडला आणि सिलिंडर उघडला. बराच वेळ सुस्कारा चालू राहिला. मग बंद केला.

"काय हाय त्यात?" तात्यांनी विचारलं.

"गॅस. टाकीत होता तोच."

तात्या उठून आले, लांबूनच डोकावले. "काय बी न्हाय की. मोकळं हाय."

"हो ना. मोकळंच दिसतं. आता यात दिवा सोडायचाय."

"नवरातात दिवा इजवाया आली व्हय गं तू? खुळी हायस का? आमच्या घरात कमी इजलंय का?"

मंगल दाराला टेकून उभी होती. ती आत गेली. मला वाटलं, आता दार लागणार. ती परत आली ती हातात रॉकेलची चिमणी घेऊन, तिच्या गळ्याला तार बांधलेली.

"समई देवाची. तिला हात लावायचा न्हाय," ती म्हणाली. "ही माजी हाय. ही सोडा."

"तुम्हीच सोडा," मी म्हटलं. "वास घ्यायला वाकू नका फक्त."

तिनं चिमणी पेटवली आणि तार धरून हळूहळू खाली सोडली. पिंपाच्या काठाच्या जरा खाली गेली आणि ज्योत गेली. फडफडली नाही, वाऱ्यानं जाते तशी गेली नाही. कुणीतरी चिमटीत धरावी तशी. धुराची रेघ तेवढी आडवी पसरली. मंगलनं चिमणी वर काढली, पुन्हा पेटवली, पुन्हा सोडली. पुन्हा तेच. ती करत राहिली. तिसऱ्यांदा तिनं पेटवली तेव्हा तात्यांनी तार आपल्या हातात घेतली. त्यांनी सोडताना तार बोटांवरून अशी सोडली की मला समजलं, ही बोटं हे काम आयुष्यभर करत आलीत. ज्योत गेली. तात्या तार तशीच धरून उभे राहिले.

"ही हीर हाय," ते म्हणाले. "आगं, ही तर हीर हाय."

मग म्हणाले, "चकचकीत व्हती म्हणून वळाखली न्हाय त्यानं. पोराला सगळ्या हिरी दावल्या म्या. आसली कुटं दावणार? म्या तरी कुटं बगितली व्हती?"

मंगल पिंपाकडंच बघत होती. "म्हंजी भरल्या पोटानं उतरलं आसतं तरी..."

"तरी गेले असते," मी म्हटलं. "तुमच्या भगरीचा, तुमच्या देवीचा, तुमचा याच्याशी काही संबंध नाही."

ती खाली बसली. रडेल असं वाटलं, पण तिनं पदरानं चिमणीची काच पुसायला घेतली. पुसत पुसत विचारलं, "मालकाला ठावं व्हतं?"

"ठाऊक करून घेणं हे त्याचंच काम होतं."

"मग मला न्या तितं. आष्टमीला. म्या चिमणी घिऊन जाते. त्याच्या दारात सोडून दावते."

अष्टमी जवळ आलीय. मंगल त्या शेडाच्या दारात उभी राहणार आहे, पिंप आणि चिमणी घेऊन. तात्या येणार आहेत. मी येणार आहे, यावेळी पत्रकाशिवाय. तिथं काय होईल मला माहीत नाही. पोलीस बोलावतील, गेट लावून घेतील, नाहीतर नुसतेच हसतील. गेल्या वर्षीही हसले होते.

आता तुमच्याशी बोलते. तुम्ही बारामती-इंदापुरात राहता, तुमच्या घरात, भावकीत, आळीत कुणीतरी टाकी बनवतं, धुतं, दुरुस्त करतं. दुधाची, रसाची, मळीची. त्याला आज घरी आल्यावर विचारा, तू आत उतरतोस तेव्हा हवा कोण मोजतं? चिमणी ही मंगलला पटवायला होती, टाकीत ती सोडू नका, काही टाक्यांत ज्योतीनं भडका उडेल. ऑक्सिजन मोजायचं यंत्र मिळतं, ते मालकाकडून मागा. पंखा लावून आतली हवा बदलून मागा. कमरेला दोर मागा. नाही म्हणाला तर माणूस उतरू देऊ नका, गिऱ्हाईक दारात बसलेलं असो नाहीतर मुहूर्त टळत असो. आत कुणी पडलाच तर त्याच्या मागं उडी मारू नका, दोर ओढा, पंखा लावा, माणसं बोलवा. आणि संपत उपवासानं गेला असं कुणी तुमच्यासमोर म्हणालं, तर त्याचं वाक्य पुरं होऊ देऊ नका.

एवढं करा, आणि माणूस आत असेल तेव्हा टाकीच्या तोंडाशी उभे राहा. त्याला नावानं हाक मारत राहा, ओ येतेय का ते ऐकत राहा. तो बाहेर येईपर्यंत तिथून हलू नका.